मसुराएवढी खूण

तुम्हाला जाऊन महिना झाला आणि माझा राग अजून उतरलेला नाही. भेटायला येणाऱ्या बायका सांगतात, रडून घ्या, मोकळं वाटेल. मी त्यांना पाट देते, पाणी देते, आणि त्या गेल्या की पुन्हा कामाला लागते. तेराव्यासाठी शेजारून आणलेली पातेली घासून परत केली. केस काढणार नाही असं दिरांना सांगितलं. ते जेवायला उठले. तुमची धोतरं वाटून टाकली. प्रत्येकाच्या उजव्या काठाशी शाईचे ठिपके होते, कारण टाक पुसायला चिंधी ठेवली तरी तुमचा हात जायचा तो धोतराकडेच. आंबट ताक लावून, लिंबू चोळून मी वीस वर्षं ते काढत आले. शेवटच्या धोतरावरचे नाही काढले. ज्यानं घेतलं त्याला सांगितलं, माणूस लिहिणारा होता, चालवून घ्या.

एवढं उरकलं, पण एक काम उरलं होतं आणि ते माझं नव्हतं. खाडीपलीकडच्या भाट्याच्या द्वारकीला खरं काय ते सांगायचं होतं. तिचा नवरा जिवंत आहे की गेला, हे तिला कळायला हवं होतं. नऊ वर्षं तुम्ही ते पुढे ढकललंत आणि शेवटी तापात चार दिवस काढून, त्याबद्दल एक अक्षर न बोलता, माझ्यावर टाकून गेलात. त्याच रागात हे लिहिते आहे. तुम्हाला आता उत्तर देता येत नाही, हे एका परीनं बरं आहे. नाहीतर 'थांब, शब्द नीट बघू' म्हणत तुम्ही ओटीवर जाऊन बसला असतात.

शब्द नीट बघण्याचं तुमचं वेड मला लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात कळलं. न्हाणीच्या भिंतीला ओल आली होती. मी म्हटलं, भिंतीला डाग पडलेत. तुम्ही म्हणालात, हा नुसता डाग नव्हे, हा पॅच. मग कंदिलाच्या काचेवरची काजळी ती स्मज, पिकल्या केळ्यावरचे बारीक ठिपके ते फ्रेकल, आरशावर माशीनं करून ठेवलेला तो स्पेक. गोठ्यातल्या बांड्या वासराला डॅपल्ड म्हणायचं की मॉटल्ड, यावर आमटी निवेपर्यंत तुमचा विचार चालला. साहेबाच्या भाषेत प्रत्येक डागाला निराळं नाव आहे आणि आपण सगळ्याला डाग म्हणून मोकळे होतो, असं तुमचं म्हणणं. मला चीड आली. भाकरीचं पीठ मळता मळता मी सांगत गेले: ठिपका, टिकली, चट्टा, वण, तीळ, मस, लासं, वांग, शिबं, कोड, गजकर्ण, चरका, गोंदण. तुम्ही बोटांवर मोजत होतात. तेरा झाले. मग जरा खालच्या आवाजात विचारलंत, "शिबं म्हणजे काय गं?"

अंगावरचे पांढुरके चट्टे म्हणजे शिबं, हेही माहीत नसलेला माणूस मला इंग्रजी शिकवत होता. पण त्या दिवसापासून तुम्ही मला विचारू लागलात हेही खरं आहे, आणि एवढ्यापुरता राग बाजूला ठेवते.

कचेरीसमोर अर्ज लिहिणारे तुम्ही धरून पाचजण होते, पण दाखला हवा असला की लोक आपल्याच घरी यायचे. आगबोटीवर खलाशी म्हणून जाणारा असो की रंगूनला कामावर निघालेला असो, प्रत्येकाला इंग्रजीत दाखला लागायचा आणि त्यात एक रकाना असायचा: अंगावरची ओळखीची खूण. बाकीचे चौघे सगळ्यांना एकच शब्द लिहीत. तुम्ही माणसाला उजेडात उभं करून खूण बघायचात आणि मगच टाक उचलायचात. प्रश्न यायचा तो बायकांचा. नवऱ्याकडे निघालेली असो की सुईणपणाच्या शिक्षणाला जाणारी, तिच्या अंगावरची खूण तुम्ही कशी बघणार? मग मी तिला मागच्या पडवीतल्या लाकडांच्या खोलीत न्यायची. मध्ये काठ्या-मातीचा कूड. अलीकडे आम्ही दोघी, पलीकडे तुम्ही दौत घेऊन.

मी सांगायची, "मानेच्या खाली, डाव्या अंगाला. चिंचोक्याएवढं. कडा फाटलेल्या. रंग कोकमाच्या सालीचा. दाबलं तरी फिकं होत नाही."

पलीकडून तुम्ही विचारायचात, "उंच आहे की सपाट?"

"सपाट."

"केस?"

"नाहीत."

मग टाक चालल्याचा आवाज यायचा. मापं आपण धान्याची ठरवली होती. मोहरी, मसूर, वाटाणा, चिंचोका, सुपारी. तुमच्या निळ्या वहीत एकेका पानावर मोठ्या अक्षरात इंग्रजी शब्द, खाली मराठीत माझं वर्णन आणि शेजारी खळीनं चिकटवलेला तो तो दाणा. पावसाळ्यात वहीला पोरकिडे लागायचे आणि मसूर पुन्हा चिकटवावे लागायचे. मी म्हणायची, ही वही आहे की वाणसामानाची यादी. तुम्ही हसायचात. तुमचं हसणं मला आवडायचं. तेव्हा कधी बोलले नाही. तुम्ही लगेच पुन्हा पुन्हा हसून दाखवलं असतंत आणि कामं तशीच राहिली असती.

एक नियम मात्र माझ्यामुळे झाला होता. एका माणसाच्या पाठीवरचं गजकर्ण तुम्ही खूण म्हणून लिहायला निघाला होतात. मी दारातून म्हटलं, औषध लावलं की जाईल ते, मग साहेबाला काय दाखवायचा, रिकामी पाठ? तुम्ही तो कागद फाडलात आणि वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलंत: जाणारी खूण लिहायची नाही.

तुमच्या हातचं अक्षर आहे ते. आजही तिथे आहे.

धोंडू आला तो दिवस आठवा. तुम्ही आठवत असणारच, दुसरं काय करत होतात इतकी वर्षं. मी अंगणात पोह्याचे पापड घालत होते. तो भाट्याहून तरीनं खाडी ओलांडून धावतपळत आला, अंगात सदराही नाही. दुपारच्या आगबोटीनं मुंबईला जायचं होतं आणि दाखल्याशिवाय त्याला कुणी जहाजावर घेणार नव्हतं. जाळी रंगवायचं काम अर्धं टाकून आला होता. ऐनाच्या झाडाच्या सालीचा काढा उकळायचा, त्यात जाळं बुडवायचं, उजव्या हातातल्या काठीनं हलवायचं आणि काढा जरा निवला की डाव्या हातानं दाबायचं, हे खाडीकाठच्या घरांतून मी लहानपणापासून पाहिलेलं. त्याच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तांबूस तपकिरी पट्टा होता, वेडावाकडा, कडेला फुटलेला. त्याची बायको द्वारकी पायरीवर बसली होती. वीसएक वर्षांची असेल. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्याच रंगाचे.

आणि तुमच्याकडे त्या आठवड्यात एक नवा शब्द आला होता. ब्लॉच. कुठल्याशा जुन्या इंग्रजी पुस्तकात सापडला होता. त्याला साजेसा डाग तुम्ही चार दिवस शोधत होतात, शेजाऱ्यांच्या गाईसुद्धा बघून आला होतात. धोंडूचा हात पाहिलात आणि तुमचा चेहरा उजळला.

"जन्मापासून आहे का रे?" तुम्ही विचारलंत.

धोंडूचं लक्ष बंदराकडे. म्हणाला, "व्हय भाऊ, लिवा. बोट जाईल माजी."

मी पापडाचे हात तसेच घेऊन दारात आले आणि म्हटलं, "अहो, तो जाळ्याचा रंग आहे. त्याच्या बायकोचे हात बघा."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आत जा. तुला यातलं इंग्रजी कळत नाही."

"रंग कळतो," मी म्हटलं आणि आत गेले.

आत गेले, ही माझी चूक. तिथेच उभी राहून घागरभर पाणी त्याच्या हातावर ओतलं असतं आणि राखेनं चोळायला लावलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मला राग आला होता, आणि रागात मी नेहमी चुलीकडे जाते. दाखला झाला. कचेरीत कुणी धोंडूचा हात बघितला नाही, शिक्का बसला, धोंडू बोटीवर चढला. समुद्राच्या पाण्यात तो रंग पंधरा दिवसही टिकला नसेल. कागदावर मात्र तो कायमचा राहिला.

दोन वर्षांनी कचेरीत मुंबईहून पत्र आलं. परमुलखातल्या एका बंदरात, इस्पितळात, धोंडू रामा नावाचा रत्नागिरी जिल्ह्यातला खलाशी तापानं गेला. त्याचे कागद हरवले होते. मयताच्या अंगावरच्या खुणा लिहिल्या होत्या आणि विचारलं होतं, हा तुमच्याकडचा कोणता धोंडू? दाखल्यावर होता डाव्या हातावरचा मोठा ब्लॉच. मयताचे दोन्ही हात स्वच्छ. कारकुनानं शेरा मारला: खुणा जुळत नाहीत. पत्राची नक्कल तुमच्या हातात दिली आणि सांगितलं, भाट्याच्या बाईला कळवा, तो दुसरा कुणीतरी.

त्या दिवशी तुम्ही पानावरून उठलात. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलंत. मी म्हटलं, उद्या तरीनं जा आणि द्वारकीला सांगा की दाखला चुकला आहे. मयताच्या खुणा तिच्यापुढे वाचा. ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. एका प्रश्नाचं काम आहे.

तुम्ही म्हणालात, एका दाखल्यावर बोट ठेवलं तर सगळ्यांवर ठेवतील. शेकडो माणसं माझ्या कागदावर बाहेर गेलीत, उद्या त्यांना कुणी उतरू देणार नाही. मग म्हणालात, आणि आता ती सुखात आहे.

मी म्हटलं, ती सुखात नाही, ती वाट बघते आहे.

हे आपलं भांडण तिथे सुरू झालं ते संपलंच नाही. आठ-आठ दिवस आपण मिठाशिवाय दुसरं काही एकमेकांकडे मागत नव्हतो. द्वारकीला तुम्ही एवढंच सांगितलंत, खुणा जुळत नाहीत, तो धोंडू नव्हे. कुठली खूण ते सांगितलं नाहीत. तिनंही विचारलं नाही. इंग्रजी कागद, वर शिक्का, आणि वाचणारे तुम्ही. ती कशाला विचारेल.

दर वर्षी नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या की ती यायची. एक नारळ पायरीवर ठेवायची. तुम्ही मुंबईच्या कचेरीला चौकशीचं पत्र लिहायचात, आणखी नेमकं, आणखी सुरेख इंग्रजी. उत्तर कधी आलं नाही. तिचे नारळ आपल्या आमटीत पडले. पहिल्या वर्षी मी खवणीवर बसले तेव्हा माझा हात अडखळला होता. नंतर नाही अडखळला. तेही लिहून ठेवते.

तिसऱ्या वर्षी ती आली ती नारळाबरोबर एक प्रश्न घेऊन. तिच्या जातीत पाट लावतात, नवरा गेलेल्या बाईला दुसरं घर करता येतं. होडीवर काम करणारा एक विधुर माणूस तिच्या सासूकडे येऊन विचारून गेला होता. सासू म्हणाली होती, भाऊंना विचार, भाऊ सांगतील ते. मी कुडामागे लाकडं रचत होते. मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"भाऊ, तो असंल तर मी थांबते. नसंल तर तसं सांगा. मना काय बी चालंल, पन सांगा."

मी हातातलं लाकूड खाली ठेवलं. मला वाटलं, आता सांगतील.

"कागद म्हणतो, तो नव्हे," तुम्ही म्हणालात. "थांब तू."

ती थांबली. तो माणूस आणखी दोन वर्षं थांबला आणि मग त्यानं दुसरीकडे जमवलं.

त्या दिवशी मी कुडाच्या अलीकडून बोलू शकले असते. त्या कुडातून माझा आवाज किती स्वच्छ पलीकडे जातो हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. चिंचोक्याएवढं, कोकमाच्या रंगाचं, हे सगळं मी त्यातूनच सांगत आले होते. आणि त्या दिवशी मी गप्प बसले. मनाशी म्हटलं, चूक यांची, निस्तरायचीही यांनीच. नवऱ्याला परक्यापुढे खोटं पाडायचं नाही, हेही मनात होतं. तुम्ही होतात तोवर मला ते पटत होतं. तुम्ही गेल्यावर पहिल्याच सकाळी पटेनासं झालं.

तुमची ट्रंक मी दहाव्यानंतर उघडली. वर पत्राची नक्कल, तिच्याखाली निळी वही. मला इंग्रजी येत नाही, पण वहीतल्या शब्दांचे आकार डोळ्यांना सवयीचे आहेत. नक्कल आणि वही शेजारी शेजारी ठेवली आणि तांदूळ निवडावेत तशी एकेका ओळीतून बोट फिरवत गेले. एक शब्द सापडला, चार अक्षरांचा. वहीत तोच, मोल, खाली मराठीत तीळ, शेजारी मसूर. वहीच्या मागच्या पानांवर तुम्ही शरीराच्या भागांची यादी केली आहे. त्यावरून आणखी दोन शब्द लागले. उजवा. कान.

हे तुम्हाला नऊ वर्षं माहीत होतं. धोंडूच्या उजव्या कानापाशी तीळ होता का, एवढंच द्वारकीला विचारायचं होतं. माणसाला स्वतःचा कान दिसत नाही, म्हणून धोंडूला तो सांगता आला नसेल. बायकोला सांगता आला असता. ती समोर पायरीवर बसली होती.

मग ब्लॉचचं पान उघडलं. तिथे दाणा नव्हता. तिथे हातभर लांबीची धोतराची चिंधी घडी करून टाचली होती, ऐनाच्या सालीत रंगवलेली. खाली तुमच्या अक्षरात नऊ ओळी, एकेका वर्षाची एकेक. धुतलं. रंग आहे. धुतलं. रंग आहे.

तेव्हा मला उमगलं, दर वर्षी पौर्णिमेनंतर तुम्ही विहिरीवर कसली चिंधी घासत बसायचात. मी टोमणा मारायची, चिंधीला एवढं काय धुता, स्वतःचं धोतर धुऊन दाखवा एकदा. तुम्ही म्हणायचात, काही नाही, असंच. अहो, कापडावरचा तो रंग जात नाही. जाऊ नये म्हणून तर जाळी त्यात बुडवतात. कुठल्याही कोळणीनं तुम्हाला हे सांगितलं असतं. माणसाची कातडी निराळी. धोंडूच्या हातावर तो कदाचित टिकला असेल, अशी आशा तुम्ही दर वर्षी त्या चिंधीतून पिळून काढत होतात. मला ती चिंधी बघून रडू आलं नाही. ती तुमच्या तोंडावर फेकावीशी वाटली. मग घडी करून होती तशी टाचून ठेवली.

पंधराव्या दिवशी द्वारकी भेटायला आली. नारळ आणला होता. मागच्या पडवीत बसली आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलत राहिली. भाऊ होते म्हणून आधार होता, भाऊंनी एक पावसाळा पत्र चुकवलं नाही. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, धोंडूच्या अंगावर कुठे तीळ होता का? जागा मुद्दाम सांगितली नाही. तुमच्याकडूनच शिकले, आपण आधी बोलायचं नाही.

"व्हता की," ती म्हणाली आणि हसली. "कानाच्या मागं, उजव्या. मसुरायेवडा. त्याला सोताला ठावं नव्हता. आरशात दिसत न्हाय म्हनून मना खोटं पाडीत व्हता."

मी नक्कल तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. दाखल्यावर कुठली खूण होती आणि मेलेल्या माणसाच्या अंगावर कुठली होती. ती आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली.

"तो तर सालीचा रंग," ती म्हणाली. "माज्याबी हाताला व्हता."

"हो."

"भाऊंना ठावं व्हतं?"

"हो."

"तुमाला?"

"मला पहिल्या दिवसापासून."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, सासू गेल्या साली गेली, जाताना दाराला कडी लावू देत नव्हती, धोंडू येईल म्हणून. नऊ वर्षांत त्याच्या नावानं कुणी पाणी सोडलं नाही. तिनं स्वतःबद्दल काही काढलं नाही, पाटाचं नाही, त्या माणसाचं नाही. उठता उठता एवढंच म्हणाली, "दर सालाचा नारळ घेतलानी भाऊंनी, वयनी."

मग आणलेला नारळ तिनं उचलला आणि परत घेऊन गेली. मला ते बरोबर वाटलं.

बारा दिवसांनी पुन्हा आली, रिकाम्या हातांनी. कपाळ मोकळं होतं. तिनं घरी सगळं केलं होतं, पण धोंडूचा भाऊ आणि जातीतले चारजण म्हणत होते, सरकारी कागद सांगतो की तो मेला नाही, तू कुंकू कशावरून पुसलंस? घरातला तिचा वाटाही त्यावर अडला होता. ती बसलीही नाही. दारातूनच विचारलं, "भाऊंचा कागद आता कोन दुरुस्त करनार?"

मी पदर सारखा केला आणि तिच्याबरोबर कचेरीत गेले. तिथला जुना कारकून तुम्हाला मानणारा. माझं बोलणं ऐकून खुर्ची पुढे केली आणि हळू आवाजात म्हणाला, वहिनी, असं लेखी दिलंत तर भाऊंचे सगळेच कागद लोक उकरून काढतील. वीस वर्षांची अब्रू आहे त्यांची. मी म्हटलं, ते गेले आणि ही बाहेर पायरीवर बसली आहे. मग मी लिहून दिलं, मराठीत. अमुक खूण माझ्या समक्ष पाहिली, ती जाळ्याच्या रंगाची होती, मी तेव्हा तसं बोलले होते, दाखला चुकीचा आहे. खाली सही केली. तुमचं नाव मी आयुष्यात कधी उच्चारलं नाही. काल पहिल्यांदा लिहिलं, तेही या कामासाठी. तुम्हाला आवडलं नसतं. मलाही आवडलं नाही.

बाकीच्या दाखल्यांचं काय होईल ते होईल. बायकांच्या खुणा माझ्या नजरेच्या आहेत आणि त्यांतली एकही पाण्यानं जाणार नाही, एवढं मी कारकुनाला सांगून आले.

बाहेर द्वारकी उठून उभी राहिली. ऊन चढलं होतं. मी तिच्यापुढे आले तेव्हा ती माझ्या कपाळाकडे बघत होती, आणि मी तिच्या. इतकी वर्षं मेणावर कुंकू लावलेल्या जागी दोघींच्याही कपाळावर फिक्या कातडीचा गोल राहिला आहे. तिनं नजर बारीक केली, अगदी तुम्ही करायचात तशी.

"तुमचा वाटान्यायेवडा हाय, वयनी," ती म्हणाली. "माजा मसूर."

हसली नाही. मीही हसले नाही. तिला तरीच्या धक्क्यापर्यंत पोचवून आले. वाटेत तिनं विचारलं, नकलेतला तो मसुराचा शब्द कसा म्हणतात. मी सांगितला. तिनं दोनदा म्हणून पाहिला. मोल. मग खाडीपलीकडून तर आली आणि ती गेली.

घरी येऊन तुमची वही उघडली. आमच्या कपाळावरच्या या खुणेला साहेबाच्या भाषेत काय म्हणतात मला माहीत नाही, आणि ज्याला विचारावं तो माणूस नाही. तुम्ही असतात तर आठ दिवस घेतले असतेत, पण शब्द शोधून आणला असतात, आणि तो नेमका असता. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. शेवटचं पान कोरं होतं. वर इंग्रजी शब्दाची जागा रिकामी सोडली. खाली एक वाटाणा चिकटवला, शेजारी एक मसूर. शेजारी लिहिलं: गोल, सपाट, कडा स्पष्ट, ऊन न लागल्यामुळे फिका.

खळ वाळेपर्यंत पहिलं पान पुन्हा पाहिलं. जाणारी खूण लिहायची नाही. ही जाणारीच आहे. चार महिने उन्हात वावरलो की दोघींचीही जाईल.

तरी लिहिली.